जावयाच्या मानाची सर्व्हिस

आमच्या दाजींना वीज वाचवायची भारी हौस. दुसऱ्याच्या घरातली.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याविषयी काही बरं बोलेन अशी कुणी वाट बघायला नको. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, नवरे. मूळचे श्रीपूरचे, वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. हे पुण्यात एका कंपनीत 'फॅसिलिटी' सांभाळतात. फॅसिलिटी म्हणजे काय, असं मी लग्नातच विचारलं होतं. तर मीटिंग संपलेल्या खोल्यांतले दिवे आणि एसी बंद झालेत का, ते बघत फिरायचं. काम वाईट नाही, कुणीतरी करायलाच पाहिजे. पण हा माणूस आमच्या सोलापुरात उतरला की असा चालतो, जणू अख्ख्या महाराष्ट्राचा वीजपुरवठा ह्यांच्या खिशातल्या चावीवर चाललाय. आणि स्वतःच्या घरी गिझर सकाळपासून दुपारपर्यंत तापत असतो. अक्कानंच सांगितलंय.

माझं काम काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर ह्यांनी काय करून ठेवलं ते कळायचं नाही. मी टॉवेल-चादरींची डिझाइनं करते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर डेस्कटॉप. पडद्यावर बारीक चौकोनांची जाळी असते. ते चौकोन भरत भरत बॉर्डर करायची, मोर करायचा, आणि फाइल पेन ड्राइव्हवर घालून कारखान्यात द्यायची. ह्या कामात हात थोडा चालतो आणि डोळे फार. मोराची मान वाकडी दिसतेय का, हे बघत मी कितीतरी वेळ नुसती बसलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी रिकामी बसलीय आणि मशीन फुकट चाललंय.

दाजींना तेच वाटलं. दिवाळीला आले होते. फराळ झाला, हात धुतले, आणि सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसले. विचारलं वगैरे काही नाही. आमच्या घरात जावयानं विचारायचं नसतं. अप्पा शेजारी हात बांधून उभे, अव्वा, म्हणजे आमची आई, चहाची बशी घेऊन उभी, आणि मी माझ्याच टेबलाजवळ पाहुणी.

"केवढी वीज खातंय हे! कल्पना आहे का तुम्हाला?" दाजी आमच्याकडं आले की 'आहे' म्हणतात. श्रीपूरला आईशी फोनवर बोलताना 'हाय' म्हणतात, ते मी ऐकलंय.

"न्हाय बा," अप्पा म्हणाले. बावीस वर्षं मिलमध्ये मशीनवर काढलेला माणूस, जावयापुढं असा उभा, जसं काय बटन कसं दाबतात ते आज पहिल्यांदा बघतोय.

मग दाजींनी नेटवरून कुठलातरी वीज वाचवायचा प्रोग्रॅम उतरवून घातला. नेक्स्ट, नेक्स्ट, येस, नेक्स्ट. एक अक्षर वाचलं नाही, माझी शपथ. घड्याळाशेजारी कोपऱ्यात एक हिरवं पान उगवलं. "हे मागं चालू राहतं, बॅकग्राउंडला. तुम्हाला कळणारपण नाही," म्हणाले.

कळायला काय, दुसऱ्याच दिवशी कळलं की! दोन मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की पडदा काळा. आणखी थोडा वेळ गेला की यूएसबीची वीज बंद, नेट बंद, मशीन झोपी गेलं. अहो, लॅपटॉप असता तर म्हटलं असतं, बॅटरी वाचली. हे भिंतीला वायरीनं बांधलेलं मशीन, ते झोपून कुणाचं भलं होणार? त्यात माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं. डोंगल म्हणजे बोटाएवढी काडी, मशीनच्या मागं खोचलेली. ती जागेवर असली तरच सॉफ्टवेअर चालतं, नाहीतर मला चोर समजून बंद होतं. हिरव्या पानानं मागच्या पोर्टची वीज तोडली की डोंगल मेलं, डोंगल मेलं की सॉफ्टवेअर बंद, आणि सेव्ह न केलेला मोर गेला. कारखान्याचे मालक तेलुगू घरातले, एरवी फार गोड बोलतात. त्या आठवड्यात घाईत दिलेलं डिझाइन बघून म्हणाले, "अम्मा, इसमें मोर की गर्दन किधर है?" दाजींनी वाचवली, असं सांगणार होते मी.

शेवटी मीच बसले आणि त्या पानाच्या मुळाशी गेले. मशीनमध्ये सर्व्हिसेसची एक खिडकी असते. सर्व्हिस म्हणजे पडद्यावर न दिसता मागं राबत राहणारा प्रोग्रॅम. अशा ढिगानं असतात, बहुतेक बिचाऱ्या कामाच्या. त्यात दाजींची सापडली. थांबवली. चहा पिऊन आले तर पुन्हा चालू. पुन्हा थांबवली, पुन्हा चालू. अगदी दाजींसारखीच, कुणी बोलावलेलं नसताना उठून येणारी. मग कळलं की 'बंद पडली तर आपोआप सुरू करा' अशी सोय तिच्यात आधीच लावलेली आहे. ती सोय काढली, तिला कायमची बंद केली, आणि सुखानं मोराची मान पुरी केली.

ते सुख रविवारपर्यंत टिकलं. रविवारी संध्याकाळी दाजींचा व्हिडिओ कॉल असतो. ख्यालीखुशाली झाली आणि म्हणाले, "अप्पा, फोन जरा कॉम्प्युटरपाशी न्या. पान दिसतंय का बघू." अप्पांनी फोन नेला. पान नव्हतं. दाजींचा चेहरा असा पडला, की घरात कुणी वारलंय की काय!

"राहू द्या," म्हणाले. "आपण सांगायचं काम करायचं. ऐकायचं नसेल तर नका ऐकू."

झालं. फोन ठेवल्याबरोबर अव्वानं मला धारेवर धरलं. अव्वाचं माहेर मैंदर्गी. ती चिडली की निम्मं कन्नडमध्ये बोलते. "सुम्ने कूड!" म्हणाली, म्हणजे गप बस. "जावयानं एवढ्या हौसेनं करून दिलंय, ते मोडतीस व्हय? तिकडं पोरीला ऐकून घ्यावं लागतंय, तुला काय?"

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच मी मूग गिळून बसले. दाजी हात उचलणारे नव्हेत, दारू पिणारे नव्हेत. ते फक्त रुसतात. रुसले की आठवडाभर घरात बोलत नाहीत, आणि अक्का त्यांच्यामागं ताट घेऊन फिरते. लग्नाआधी हीच अक्का शाळेत शिकवायची. वर्गात शिरली की पोरं चिडीचूप. लग्नानंतर दाजी म्हणाले, "घरी काय कमी आहे?" आणि तिनं नोकरी सोडली. आता दुकानात चप्पल घ्यायची तरी फोन करून विचारते, काळी घेऊ का तपकिरी.

म्हणून मग आम्ही काय केलं ऐका. आठवडाभर सर्व्हिस बंद ठेवायची आणि रविवारी जावयाला दाखवण्यापुरती चालू करायची. मी नसले तर अप्पांना करता यावं म्हणून पडद्यावर दोन चित्रं ठेवून दिली, एक 'चालू' आणि एक 'बंद'. त्यावर दोनदा टिचकी मारली की झालं. रविवारी संध्याकाळी अव्वा फडक्यानं मॉनिटर पुसायची, अप्पा 'चालू'वर टिचकी मारायचे, पान उगवायचं, मग कॉल. "दिसतंय का?" "दिसतंय की!" "छान. वीज वाचतेय बघा." कॉल संपला की मी 'बंद'. दुसरं कुणी असतं तर सरळ सांगितलं असतं, बाबा रे, तुझा प्रोग्रॅम नको आम्हाला. आम्ही नाही. आम्ही आरती केल्यासारखं दर रविवारी ते पान ओवाळत होतो.

मग अधिक महिना लागला. ह्या महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, जसं काय बाकीचे महिने तो उपाशीच असतो. दाजी शेवटच्या आठवड्यात येणार होते. अक्का आधीच आली, पंधरा दिवस राहायला म्हणून. आल्या दिवशीच मला गच्चीवर वाळवणाशी गाठून म्हणाली, "तुझं मशीन मला एक दिवस पायजे."

एका कंपनीला घरबसल्या काम करणारी माणसं हवी होती. कन्नड बोलणाऱ्या गिऱ्हाइकांची बोलणी ऐकायची आणि ती मराठीत लिहून द्यायची. अव्वामुळं आम्हा दोघींनाही कन्नड येतं, पण अक्काचं माझ्यापेक्षा फार चांगलं, आणि तिचं मराठी तर शाळेत शिकवलेलं. तिनं अर्ज केला होता आणि चाचणी आली होती. ऑनलाइन चाचणी, समोर कॅमेरा, उठायचं नाही, इकडं-तिकडं बघायचं नाही. मध्येच मशीन बंद पडलं किंवा नेट तुटलं तर चाचणी तिथंच संपली. तसं नियमांत साफ लिहिलं होतं. पुण्यात तिला हे जमणार नव्हतं. घरात एकच लॅपटॉप, तो दाजींबरोबर जातो आणि दाजींबरोबर येतो.

"दाजींना सांगितलंस?"

"पास झाले की सांगीन. आधी न्हाय."

पुढं मी विचारलं नाही. तिचा चेहराच असा झाला होता, की मला ती वर्गात शिरणारी अक्का आठवली. त्या आठवड्यात ती अव्वाशी फक्त कन्नडमध्ये बोलत होती. टीव्हीवर कन्नड बातम्या लावायची आणि कागद न घेता मोठ्यानं मराठीत सांगत सुटायची. अप्पा म्हणाले, "हिला काय झालंय?" अव्वा म्हणाली, "माहेरी आलीय पोरगी, बोलू द्या की." किती वर्षांनी ती घरात एवढी मोठ्यानं बोलत होती.

चाचणी रविवारी सकाळी होती. दाजींचा कॉल संध्याकाळी असतो, त्यामुळं मला काळजी वाटली नाही. आदल्या दिवशी मी मशीनमधली झोपेची एकूण एक सोय शोधून बंद केली. पडदा कधीच काळा होऊ नये, नेटच्या कार्डाची वीज कधीच तुटू नये, मशीन कधीच झोपू नये. सर्व्हिस बंदच होती. इन्व्हर्टरचं पाणी बघितलं. सकाळी अव्वाला सांगितलं, मिक्सर लावायचा नाही, भांडी आपटायची नाहीत. का, ते सांगावंच लागलं. अव्वाला काय वाटलं कोण जाणे, पण तिनं अक्काच्या हातावर साखर ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. अप्पांना काहीच सांगितलं नाही, कारण अप्पांच्या पोटात काही राहत नाही. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तोवर अक्का खुर्चीत बसलेली, चाचणी सुरू झालेली.

मी दाराबाहेर पायरीवर बसले. आतून थोडा वेळ टाइपिंगचा आवाज आला, भराभर, न अडखळता. मग रेकॉर्डिंग सुरू झालं. एक बाई कन्नडमध्ये तक्रार करत होती, लांबलचक, मध्येच रडत, मध्येच भांडत. पूर्ण ऐकायचं आणि मगच लिहायचं, असा त्या भागाचा नियम. अक्का ऐकत असणार, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून. बाई बोलत राहिली आणि एका वाक्याच्या मधोमध गप्प झाली.

मला वाटलं, रेकॉर्डिंग संपलं. टाइपिंगचा आवाज येईना. मग माऊस टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि मी आत पळाले.

पडदा काळा. अक्का माऊस हलवत होती. मशीन जागं झालं, नेट आलं, आणि चाचणीच्या जागी एक ओळ आली: संपर्क तुटल्यामुळे आपली चाचणी समाप्त झाली आहे. आणि खाली कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, हिरवं पान.

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले दाजींना ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, मेल्यानं तिकडं बसून काहीतरी केलं असणार, आत्ता फोन लावते आणि त्याला असा धुते की जावईपण विसरेल. खरंच फोन हातात घेतला. अक्कानं तो काढून घेतला.

"त्यांनी न्हाय केलं. मी चालू केली."

दाजींचा कॉल सकाळीच आला होता, मी आंघोळीला असताना. संध्याकाळी त्यांना कुठं जायचं होतं. अप्पा सवयीनं "दाखवतो की, दाखवतो की" करत फोन घेऊन बाहेरच्या खोलीकडं निघाले. अक्का त्यांच्या पुढं धावली आणि तिनं 'चालू'वर टिचकी मारली. दाजींनी पान बघितलं, शाबास म्हणाले, कॉल संपला.

"मग बंद का न्हाय केलीस? तिथंच तर हाय बटन, तुझ्या डोळ्यासमोर!"

"आत्ताच त्यांनी बघितलं हुतं की गं. लगीच बंद करू? हात गेला न्हाय. वाटलं, मी टाइप करत राहीन, मग कशाला झोपतंय ते."

टाइप करत राहिली असती तर झोपलंच नसतं. पण ती ऐकत होती. त्या दळभद्री सर्व्हिसला कान कळत नाहीत, तिला फक्त हात कळतो. मन लावून ऐकणारं माणूस तिच्या लेखी उठून गेलेलं माणूस. दाजींनी निवडलेला प्रोग्रॅम, दुसरं काय असणार!

मला दाजींचा राग होताच, त्या दिवशी अक्काचाही आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, हिला गदागदा हलवावं. पण ती खुर्चीतून उठलीही नव्हती. चाचणी संपली तरी कॅमेऱ्यापुढं बसल्यासारखी ताठ बसली होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. अव्वा दारात येऊन उभी राहिली. अप्पा मागून विचारत होते, काय झालं, लाइट गेली का?

दुपारी अक्कानं कंपनीला मेल लिहिला. मला लिहू दिला नाही, स्वतः लिहिला, दोन्ही भाषांत. घरात चुकून मशीन बंद पडलं, एकदा पुन्हा संधी द्यावी. त्यांचं उत्तर आलं, विचार करून कळवू. मग तिनं मला विचारलं, ही सर्व्हिस मुळापासून कशी काढायची. मी सांगितलं, तिनं काढली. ती दोन चित्रंही पुसून टाकली.

दाजी आठवड्यानं आले. धोंड्याच्या जेवणाला आमच्यात जावई आणि लेक दोघांना जोडीनं पाटावर बसवतात. दोघांना ओवाळलं, दाजींना टॉवेल-टोपी दिली, ताटं वाढली. मी तुपाचं भांडं घेऊन वाढत होते. दाजींनी पहिला पुरणाचा धोंडा फोडला, तूप ओतून घेतलं, आणि तोंडात घास असतानाच म्हणाले, "आज रविवार, कॉलऐवजी मीच आलोय. काय अप्पा, पान चालू आहे ना?"

अप्पांनी 'हाय की' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"न्हाय," अक्का म्हणाली. "मी काढून टाकलं."

दाजी हसले. "तुला कुठं कळतंय त्यातलं! मेहुणीबाईंचं काम आहे हे." माझ्याकडं बघून भुवई उडवली.

"मीच काढलं. माझी परीक्षा हुती नोकरीची, त्या मशीनवर. मधीच ते झोपलं. परीक्षा गेली."

अव्वाच्या हातातली पळी ताटलीवर टेकली. दाजी घास तसाच धरून बसले. नोकरी कसली, परीक्षा कसली, कधी, हे सगळं विचारून झालं, आणि अक्कानं एकेक सगळं सांगितलं, आवाज न चढवता, शेजारी पाटावर बसून.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय मला?" दाजी म्हणाले. 'आहे-नाही' कुठल्या कुठं गेलं होतं. "मी एका मिनिटात बंद करून दिलं आसतं की!"

"दिलं आसतं. अन् जल्मभर म्हणला आसता, हिची नोकरी मी लावली."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दाजींनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "म्हंजे माझ्यामुळं गेली, आसंच म्हणायचंय न्हवं तुला?"

"न्हाय," अक्का म्हणाली. "तुमी पुण्यात हुता. तुमी काय केलं न्हाय. हात माझाच उठला, अन् बंद करायच्या टायमाला माझाच अडला. त्याचंच मला भ्या वाटलंय."

दर रविवारी मॉनिटर पुसणारी अव्वा, फोन धरणारे अप्पा आणि ती दोन चित्रं करून देणारी मी, तिघंही तिथंच उभे होतो. दाजींना मी इतके महिने नावं ठेवत होते, ती सगळी अजूनही खरी आहेत, एकही मागं घेत नाही. पण त्या क्षणी मला त्यांच्याकडं बघावंसं वाटेना, अप्पांकडं बघावंसं वाटेना, कुणाकडंच वाटेना.

"परीक्षा परत घेतील का न्हाय, ठाव न्हाय," अक्का म्हणाली. "कळंपर्यंत मी हितंच हाय. ही न्हाय मिळाली तर दुसरी बघंन."

दाजींनी अप्पांकडं बघितलं. सासऱ्यानं काहीतरी बोलावं, पोरीला समजवावं, म्हणून बघितलं. अप्पा खाली बघतच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला."

अक्कानं आपल्या ताटातला धोंडा फोडला आणि भांडं माझ्याकडून घेऊन स्वतःच तूप वाढून घेतलं. ती पोटभर जेवली. संध्याकाळी अप्पा दाजींना स्टँडवर पोचवायला गेले, आणि रिक्षात दाजींची एकट्याचीच बॅग होती.